तीनशे माणसांचा बाजार

३ जून २०२५ला अमेरिकेतल्या ऑर्लॅन्डो शहरात एपिक गेम्स या कंपनीने आपल्या 'अनरियल इंजिन' या सॉफ्टवेअरची ५.६ ही आवृत्ती लोकांपुढे मांडली. त्याच मंचावर पोलंडच्या सीडी प्रोजेक्ट रेड या स्टुडिओने 'द विचर ४' या येऊ घातलेल्या गेमचा तांत्रिक डेमो दाखवला. मी तो वर्ध्यात, मोबाइलवर पाहिला. आमच्याकडे नवतपा नुकताच सरला होता, वखरून ठेवलेली काळी रानं पावसाची वाट बघत होती, आणि माझ्या तळहातावर बर्फाचे डोंगर, ओलं शेवाळ आणि गच्च सूचिपर्णी जंगल सरकत होतं.

गेम आला की त्याची समीक्षा होते. डेमोची कोणी करत नाही, कारण ती जाहिरातच, असं आपण धरून चालतो. पण गेम पुढे किती जण विकत घेतील कोण जाणे, डेमो मात्र फुकट असतो आणि तो सगळे बघतात. गेममधलं 'सुंदर' म्हणजे काय, हे वर्ध्यातल्या किंवा नागपुरातल्या ॲनिमेशन शिकणाऱ्या मुलांच्या डोक्यात डेमोच आधी ठरवून टाकतो. म्हणून त्याच्याकडे एक कलाकृती म्हणून बघायला हवं.

आधी त्याचं श्रेय त्याला देऊ. नायिका सिरी घोडीवरून जाते तेव्हा घोडीच्या कातडीखाली स्नायू हलताना दिसतात. झाडांची पानं जवळूनही पानंच राहतात आणि लांबूनही जंगल विरळ होत नाही. हे सगळं साध्या प्लेस्टेशन ५वर, सेकंदाला ६० चित्रांच्या वेगाने. यामागे नॅनाइट नावाचं तंत्र आहे. पूर्वी गेमसाठी एखादा पुतळा घडवला की कलाकाराचं काम संपायचं नाही. तोच पुतळा लांबून दिसेल तेव्हासाठी आणखी हलका, त्याहून लांबसाठी त्याहून हलका, अशा त्याच्या प्रती कराव्या लागत. बरंचसं काम हमालीचं, आणि त्यात दिवसच्या दिवस जात. नॅनाइटने ही हमाली बरीच कमी केली. झाडांची बारीक पानं त्याला अवघड जात होती, तीही आता जमू लागली आहेत. ज्याने एकदा तरी अशा प्रती बनवल्या आहेत, तो या डेमोला नावं ठेवणार नाही.

माझी तक्रार सुरू होते ती बाजारात. सिरी वाल्ड्रेस्ट नावाच्या बंदराच्या गावात शिरते. तिथल्या बाजारात एका वेळी ३०० माणसं हलत असतात, आणि हा आकडा आपल्याला मुद्दाम सांगितला जातो. डेमोची ही जुनी खोड आहे. मे २०२०मध्ये अनरियल ५ची पहिली झलक आली तेव्हा एका पुतळ्यात ३ कोटी ३० लाख त्रिकोण, एका दालनात जवळजवळ ५०० पुतळे, म्हणजे एकूण १६०० कोटींहून जास्त त्रिकोण, असा हिशोब ऐकवला होता. ते पुतळे कोणाचे होते, त्या दालनात ते का उभे होते, हे मला आजही सांगता येणार नाही. आकडा मात्र पाठ आहे. डेमोला नेमकं हेच हवं असतं.

बाजार म्हणजे गर्दी, एवढं कोणालाही कळतं. पण त्या गर्दीत कोण काय करतंय? आपल्याकडच्या जुन्या बैलबाजाराचं उदाहरण घ्या. विकणारा आणि घेणारा एका रुमालाखाली हात घालतात. बोटं धरून भाव सांगितला जातो, बोटं सोडून नाकारला जातो. भोवती माणसं उभी असतात, पण आकडा कोणाला कळत नाही. कळतं ते फक्त दोघांच्या चेहऱ्यावरून, तेही कळू द्यायचं नाही असा दोघांचा प्रयत्न असताना. हा प्रसंग गेममध्ये आणायचा तर ३०० माणसं लागत नाहीत. दोन पुरतात, आणि एक रुमाल. लागतो तो असा ॲनिमेटर, ज्याने हे पाहिलं आहे किंवा पाहिलेल्या माणसाला नीट विचारलं आहे. रुमालाची प्रत्येक घडी इंजिन हुबेहूब दाखवेल. रुमालाखाली काय चाललंय ते त्याला कोणीतरी सांगावं लागेल.

सीडी प्रोजेक्टला हे ठाऊक नाही असं मुळीच नाही. त्यांच्या विचर मालिकेच्या मागे आंद्रेइ सापकोवस्की या पोलिश लेखकाची पुस्तकं आहेत, तिथल्या लोककथांमधली भुतंखेतं आहेत. त्यांचा बाजार जिवंत वाटतो तो या पुंजीमुळे. पण मंचावर ती पुंजी दिसत नाही, दिसतं ते अवजार. मग बघणाऱ्या पोरापोरींची समजूत होते की अवजार मिळालं की बाजार आपोआप भरेल. मग आपलीही शिकाऊ कामं तशीच निघतात. ओला दगड, धुकं, मशालीचा उजेड. आपल्याकडचा उजेड तसा नसतो. एप्रिलमध्ये बोरच्या जंगलात सागाची पानं गळालेली असतात, जमीन करकरीत वाजते, दुपारी सावलीसुद्धा फिकट पडते. या रखरखीला देखणं म्हणायचं धाडस करणारा गेम मला बघायचा आहे. नवं इंजिन त्याला अडवणार नाही, पण तसं सुचवणारही नाही.

याच इंजिनाच्या मागच्या पिढीवर, अनरियल ४वर, पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्स या छोट्या स्टुडिओने 'राजी: ॲन एन्शंट एपिक' हा गेम बनवला. २०१७मध्ये लोकवर्गणीतून पैसे उभे करायचा त्यांचा प्रयत्न फसला, तरी २०२०मध्ये गेम आला आणि त्या वर्षीच्या द गेम अवॉर्ड्समध्ये पदार्पणाच्या गेमसाठीच्या नामांकनांत त्याचं नाव होतं. त्यातली लढाई मला ठीकठाकच वाटली. पण भिंतींचे रंग पहाडी लघुचित्रांची आठवण करून देतात, महाल राजस्थानी वळणाचे आहेत, आणि कथेचे दुवे सावल्यांच्या बाहुल्या सांगतात. इथे खरेपणाचा आग्रह सोडून देऊन एक नजर निवडलेली आहे. त्रिकोणांचा हिशोब करायला बसलं तर हा गेम हरेल, पण त्यातला एक महाल बघितला की तो दुसऱ्या कोणत्या गेमचा नाही हे लगेच कळतं. महाराष्ट्रात बनलेल्या या गेमला राजस्थान सुचलं, दख्खनचा काळा दगड नाही, ही माझी किरकोळ कुरकुर.

अवजारांच्या प्रदर्शनाची आमच्या गावाला सवय आहे. वर्ध्यात मगन संग्रहालय आहे. ३० डिसेंबर १९३८ला गांधींनी त्याचं उद्घाटन केलं. मगनलाल गांधींच्या नावाच्या या संग्रहालयात तऱ्हेतऱ्हेचे चरखे आणि ग्रामोद्योगांची साधनं मांडलेली आहेत. त्याच्याही आधी, १९२९मध्ये, अखिल भारत चरखा संघाने सुधारलेल्या चरख्यासाठी १ लाख रुपयांचं बक्षीस जाहीर केलं होतं. त्या स्पर्धेच्या अटी मला कुठल्याही टेक शोपेक्षा जास्त धारदार वाटतात. चरखा खेड्यातल्या साध्या घरात चालला पाहिजे. किंमत १५० रुपयांच्या आत हवी. बाईला तो आठ तास फार दमणूक न होता चालवता आला पाहिजे, आणि तेवढ्या वेळात १६,००० फूट सूत निघालं पाहिजे. नीट देखभाल केली तर तो २० वर्षं टिकला पाहिजे, आणि सुटे भाग बदलण्याचा वर्षाचा खर्च किमतीच्या ५ टक्क्यांवर जाता कामा नये.

बघा, उत्पादनाचा आकडा इथेही आहे. पण तो एकटा नाही. त्याच्या शेजारी घर आहे, खिसा आहे, दुरुस्ती आहे आणि चालवणाऱ्या बाईची पाठ आहे.

याच अटी अनरियलला लावू. किंमत? शिकायला फुकट, आणि गेमने १० लाख डॉलर कमावेपर्यंत रॉयल्टी नाही. इथे तो चांगलाच पास होतो. साधं घर? इथे गाडी अडते. डेमो बघायला माझा मोबाइल पुरतो, तसं जंगल उभं करायला तगडं ग्राफिक्स कार्ड असलेलं मशीन लागतं. राहिली पाठ. हमाली वाचवणाऱ्या अवजाराने कलाकाराला वेळेवर घरी जाता यायला हवं. पण अनुभव सांगतो की वाचलेला वेळ आणखी मोठ्या बाजारात, आणखी माणसं उभी करण्यात जातो. याच सीडी प्रोजेक्ट रेडने सप्टेंबर २०२०मध्ये 'सायबरपंक २०७७' पुरा करण्यासाठी आपल्या लोकांवर सहा दिवसांचा आठवडा लादला होता. तेव्हा त्यांच्याकडे त्यांचं स्वतःचं इंजिन होतं. इंजिन बदलल्याने ही सवय बदलेल का, हा प्रश्न त्या मंचावर कोणी विचारला नाही. तो मंच त्यासाठी नव्हताच.

दुरुस्तीची अट मात्र मला ब्लेंडरकडे नेते. २००२मध्ये त्याची मूळ कंपनी बंद पडली, तेव्हा ते वापरणाऱ्यांनी सात आठवड्यांत १ लाख युरो वर्गणी गोळा केली आणि ब्लेंडर कायमचं खुलं करून घेतलं. बिघडलं तर उघडून बघा, जमलं तर सुधारा. मार्च २०२५मध्ये सर्वोत्तम ॲनिमेशनपटाचं ऑस्कर मिळवणारा 'फ्लो' हा लॅटव्हियाचा सिनेमा यातच बनला. त्यातल्या मांजरीच्या अंगावरचे केस मोजायला बसलात तर तुमची निराशा होईल, पण ती पाण्याला कशी घाबरते ते तुम्ही विसरणार नाही.

वाल्ड्रेस्टचा बाजार मी नंतर दोनदा पाहिला. तिसऱ्या वेळेला आवाज बंद करून, आकडे कानावर येऊ न देता. तेव्हा तो बराच बरा वाटला, कारण मागच्या कलाकारांचं काम दिसायला लागलं. पुढचा डेमो येईल तेव्हा तुम्हीही तसा पाहा. आणि जो कोणी वर्ध्यात, आर्वीत, हिंगणघाटात अर्ध्या दमाच्या लॅपटॉपवर आपला पहिला बाजार मांडत असेल, त्याने ३०० माणसांच्या मागे लागू नये. आधी दोन माणसं आणि रुमाल जमवावा.