शारदेची नदी

काशीच्या घाटांवर मराठी माणसास परकेपणा वाटू नये अशी तजवीज आपल्या पूर्वजांनी करून ठेवली आहे. भोसले घाट, शिंदे घाट, अहिल्याबाई घाट ही नावे सर्वांच्या परिचयाची आहेत. मुन्शी घाटाचे नाव मात्र मराठी कानास मराठी वाटत नाही. वस्तुतः नागपूरकर भोसल्यांच्या पदरी असलेल्या श्रीधर नारायण मुन्शी यांनी १८१२ च्या सुमारास हा घाट बांधविला. पुढे १९१५ साली तो दरभंग्याच्या राजघराण्याकडे गेला, आणि वरच्या दगडी वाड्यात आता श्रीमंत प्रवाशांचे हॉटेल आहे. या पायऱ्यांवर गेल्या हिवाळ्यात येथील दहाबारा मराठी कुटुंबांनी एकत्र जमून देवलांच्या 'संगीत शारदा'तील निवडक प्रवेशांचे वाचन केले. प्रस्तुत लेख त्या वाचनाचा वृत्तान्त नव्हे. परंतु त्या संध्याकाळी घडलेल्या एका लहानशा गोष्टीवाचून तो लिहिला गेला नसता, म्हणून ती प्रथम सांगणे प्राप्त आहे.

वल्लरीचे थट्टेचे पद सुरू झाले. म्हाताऱ्या वराच्या वयाचे आणि रूपाचे ते वर्णन मराठी माणसाला लहानपणापासून पाठ असते. पद म्हणणाऱ्या मुलीचा गळा गोड, अभिनय ठसकेबाज. मंडळी हसून लोटपोट झाली. आम्हीही हसलो. तेवढ्यात मागच्या पायरीवर बसलेल्या एका वृद्ध बाईंनी, ज्यांस येथे सर्व जण काकू म्हणतात, जरा मोठ्याने विचारले, "शारदा तिथंच आहे ना हो?" प्रथम प्रश्नाचा रोख कोणाच्या ध्यानात आला नाही. काकू पुन्हा म्हणाल्या, "नाही, म्हणजे तिच्यादेखतच हे सगळं चाललंय ना?" वाचन पुढे चालू झाले, पण आमचे लक्ष उडाले ते उडालेच.

'शारदा' १८९९ साली किर्लोस्कर मंडळीने प्रथम रंगभूमीवर आणले, तेही इंदुरास, म्हणजे आम्हां बृहन्महाराष्ट्रीयांच्याच अंगणात. जरठकुमारी विवाहाच्या दुष्ट चालीवर केलेला प्रहार म्हणून या नाटकाची थोरवी वारंवार गायिली गेली आहे आणि ती यथार्थ आहे. (१९२९ चा बालविवाहप्रतिबंधक कायदा 'शारदा कायदा' म्हणून ओळखला जातो, त्यामुळे तो देवलांच्या नायिकेवरून पडला असे समजणारे विद्वान आम्हांस भेटले आहेत. ते नाव विधेयक मांडणाऱ्या हरबिलास सारडा यांचे.) परंतु चाल गेली म्हणजे नाटकही संपावयास हवे होते. ते संपले नाही. ते केवळ पदांच्या बळावर जगले, असे म्हणून टीकाकार मोकळे होतात. आम्हांस तसे वाटत नाही. 'शारदा' जगले याचे कारण त्यात एका मुलीला चारी बाजूंनी कसे कोंडीत धरतात आणि शेवटी ती नदीकडे कशी जाते, याचे जे चित्र आहे ते कोणत्याही एका चालीपुरते मर्यादित नाही.

या कोंडीची रचना पाहण्यासारखी आहे. भद्रेश्वर दीक्षित दलाली खातो, कांचनभट पैसा घेऊन मुलगी विकतो, भुजंगनाथ उतारवयात नवी नवरी शोधतो. या तिघांचा दुष्टपणा उघड आहे. तो ओळखावयास प्रेक्षकाला श्रम पडत नाहीत आणि त्यांचा तिरस्कार करताना त्यास स्वतःविषयी बरेही वाटते. पण वल्लरी दुष्ट नाही. ती मैत्रीण आहे, तिचा शारदेवर जीव आहे. ती हसते ती नवऱ्याला, शारदेला नव्हे. आमच्या विवेचनावर हाच आक्षेप घेतला जाईल आणि तो रास्त आहे. तथापि ज्या म्हाताऱ्याचे वर्णन ऐकून सर्व हसतात त्याच्या घरी जावयाचे आहे शारदेला. हसणाऱ्याच्या दृष्टीने ती थट्टा दुसऱ्याची असते. ऐकणारीला मात्र तिच्यात आपलेच भविष्य दिसते. दीक्षिताचा घाव परक्याचा म्हणून सोसता येतो. मैत्रिणीच्या थट्टेवर रडावे तर रडकी ठरावे, हसावे तर स्वतःच्या विक्रीला रुकार दिल्यासारखे. ही तिसरी वाट नसलेली अवस्था देवलांनी एका विनोदी पदात आणून ठेवली आहे, आणि सव्वाशे वर्षे आपण त्या पदास वन्समोअर देत आलो आहोत.

वल्लरीची थट्टा नाटकात आधी येते आणि नदी अखेरीस येते. दरम्यान लग्नाचा घाट घातला जातो, वधूवर एकाच गोत्राचे असल्याचे कोदंड उघडकीस आणतो आणि लग्न मोडते. प्रेक्षक सुटकेचा निःश्वास टाकतो. शारदेची मात्र सुटका झालेली नसते. अर्धेमुर्धे लग्न लागलेल्या मुलीला आता कोण पत्करणार? म्हणून ती जीव द्यावयास निघते. संकट टळल्यावर माणूस का खचतो, असा प्रश्न आपण जिवंत माणसांविषयीही विचारतो. देवलांना त्याचे उत्तर ठाऊक होते. संकट टळते, पण लोकांच्या नजरा टळत नाहीत.

मात्र येथेच देवलांच्या करुणेची सीमाही दिसते. कोदंड शारदेला वाचवितो, आणि लागलीच शंकराचार्यांच्या संमतीने तिचा पती होतो. संगीत नाटकाचा शेवट गोड व्हावयास हवा हे आम्ही जाणतो. तरीही प्रश्न उरतो की, कोणाची वधू म्हणून नव्हे, नुसती शारदा जगावी एवढ्यासाठी त्या नदीवर कोणी धावत गेले असते काय? देवलांनी तो प्रश्न विचारला नाही. त्यांच्या काळात तो सुचणेही कठीण होते, असे म्हणून त्यांस आपण क्षमा करू. परंतु स्वतःस ती सवलत घेणे आपल्याला शोभणार नाही.

'एकच प्याला'कडे वळताना हाच धागा हाती राहतो. गडकरी २३ जानेवारी १९१९ रोजी वारले आणि त्यानंतर महिन्याभराच्या आतच गंधर्व मंडळीने हे नाटक बडोद्यास रंगभूमीवर आणले. पुनश्च महाराष्ट्राबाहेरच! दारूच्या दुष्परिणामांचे नाटक म्हणून त्याची नोंद झाली आणि शाळांतून तसेच शिकविले गेले. आमच्या मते ते मानहानीचे नाटक आहे. सुधाकराची सनद काही काळापुरती रद्द होते, भर कोर्टात त्याचा तेजोभंग होतो, आणि तो सल विसरण्यासाठी तो पहिला पेला घेतो. तो पेला पुढे करणारा तळीराम त्याचा कारकून असतो, ही गोष्ट आम्हां कारकुनांस जरा बोचते, पण ते असो. खरा मर्मभेदक भाग पुढे आहे. दारू सोडण्याचा निश्चय करून सुधाकर जुन्या ओळखीच्या प्रतिष्ठित मंडळींकडे नोकरी मागावयास जातो, आणि ती मंडळी त्यास टोमणे मारून वाटेस लावतात. त्यांपैकी कोणी खलपुरुष नाही. नाटक संपल्यावर त्यांची नावेही आठवत नाहीत. बुडणारा माणूस काठाला हात लावतो आणि काठावरचे सभ्य गृहस्थ त्याच्या ओल्या कपड्यांना हसतात, असा तो प्रसंग आहे. त्यानंतर सुधाकर जो परत फिरतो तो सिंधूच्या आणि स्वतःच्या नाशाकडेच. गडकऱ्यांनी तळीरामाच्या मदिरामंडळावर जितकी पाने खर्च केली त्याच्या चतुर्थांशाने तरी हा प्रसंग वाढवावयास हवा होता, असे आम्हांस नेहमी वाटते. विनोदाचा मोह त्यांस आवरत नसे, आणि प्रेक्षकही विनोदच घेऊन घरी गेला.

येथे आमच्या स्वतःच्या बाबतीतील एक गोष्ट नमूद केली पाहिजे. न केल्यास हा सर्व उपदेश परभारे केल्यासारखा होईल. पूर्वी आम्ही ज्या कार्यालयात होतो तेथे आमच्या शाखेत एक तरुण सहकारी अडखळत बोलत असे. टेलिफोन वाजला की सर्वांचे कान तिकडे लागत; तो बोलून खाली ठेवी आणि कोणी तरी त्याची नक्कल करी. नक्कल उत्तम करणाऱ्यांत आमची गणना होत असे. तोही हसत असे. म्हणून त्यास ते आवडते, अशी आमची समजूत. एके दिवशी त्याचा रजेचा अर्ज आला, पुढे रजा वाढली. काही महिन्यांनी त्याच्या भावाकडून कळले की एका रात्री रेल्वे फलाटाच्या टोकाशी तो नुसता उभा असलेला एका हमालास दिसला. त्या हमालाने त्यास चहाच्या टपरीवर बसविले आणि पहाटेपर्यंत स्वतःच्या मुलीच्या लग्नाच्या गोष्टी सांगितल्या. आता तो दुसऱ्या गावी नोकरीस आहे आणि सुखरूप आहे. आम्ही त्यास पत्र लिहिले, उत्तर आले नाही. ते यावे अशी अपेक्षा करण्याचा आम्हांस अधिकारही नाही.

ज्या वर्षी 'शारदा' रंगभूमीवर आले त्याच वर्षाच्या डिसेंबरात साने गुरुजींचा जन्म झाला. हा केवळ योगायोग. परंतु थट्टेच्या या विचारात त्यांचे नाव टाळता येत नाही. १९३५ साली प्रसिद्ध झालेल्या 'श्यामची आई'त श्याम पोहावयास घाबरतो, आणि आई त्यास शिमटीने झोडपून विहिरीवर धाडते तो प्रसंग सर्वांस आठवत असेल. आपल्या मुलाला लोकांनी भित्रा म्हणून हिणवू नये, यासाठी ती मारते. जगाच्या हसण्याची धास्ती मायेच्या हातात काठी देते. हे गुरुजींनी इतके साधेपणाने लिहिले आहे की त्यातील भेदकता आमच्या पंडितांस दिसली नाही. त्यांनी गुरुजींचे वाङ्मय रडके ठरविले. आम्हीही महाविद्यालयात असताना त्या पंडितांच्या पंक्तीस बसून अश्रूंची यथेच्छ टवाळी केली आहे. तो त्या वयात बुद्धिमत्तेचा दाखला समजला जाई. पंढरपूरच्या विठ्ठलाचे द्वार अस्पृश्यांस खुले व्हावे म्हणून १९४७ साली प्राण पणास लावणाऱ्या या पुरुषाने ११ जून १९५० रोजी स्वतःचे जीवन संपविले. त्या मृत्यूचा आणि टीकेचा कार्यकारणसंबंध आम्ही लावत नाही. एखाद्या माणसाच्या अखेरच्या रात्रीविषयी तर्क लढविणे हाही एक प्रकारचा उद्दामपणा आहे. एवढेच म्हणावयाचे की, दुसऱ्याच्या रडण्याला हसणे हा साहित्यविचार नव्हे, आणि आपल्या समीक्षेने बराच काळ तो तसा मानला.

अलीकडची एक हिंदी कलाकृती येथे विचारात घेतली तर ते अप्रस्तुत होऊ नये, कारण तिची भूमी हीच काशी आहे आणि तिचे दिग्दर्शक नीरज घायवान हैदराबादेत वाढलेल्या मराठी घरातले आहेत. 'मसान' हा त्यांचा चित्रपट २०१५ साली कान महोत्सवात गौरविला गेला. एका खोलीत सापडलेल्या तरुण जोडप्यास पोलीस अधिकारी फोनवरील चित्रणाची दहशत घालतो. मुलगा भेदरून जीव देतो. आणि मागे राहिलेल्या देवीवर त्या मुलास आत्महत्येस प्रवृत्त केल्याचा आळ घालण्याची धमकी देऊन तिच्या वृद्ध बापाकडून तीन लाख रुपये उकळू पाहतो. ज्याने छळले तोच छळाच्या कायद्याचे कलम वाचून दाखवितो! सरकारी नोकरीत असल्यामुळे की काय, त्या प्रवेशात आम्हांस खुर्चीत बसवेना. कायदा मात्र दरम्यान पुष्कळ शहाणा झाला आहे. जीव देण्याचा प्रयत्न करणारा मनुष्य तीव्र मानसिक ताणाखाली होता असे गृहीत धरावे, त्यास शिक्षा करू नये, उलट शासनाने त्याची काळजी घ्यावी, असे २०१७ च्या मानसिक आरोग्य अधिनियमाने ठरविले. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या संहितेत तर केवळ अशा प्रयत्नास शिक्षा देणारे जुने ३०९ कलम ठेवलेलेच नाही. २०२२ पासून टेलि-मानस नावाची सरकारी दूरध्वनिसेवाही आहे; तिचा क्रमांक १४४१६. आमच्या वाचकांपैकी कोणास तो कधी लागू नये, पण टिपून ठेवण्यास हरकत नाही.

'मसान'मधील दोन प्रसंगांवरून घायवान यांची जात्याच असलेली सभ्यता कळते. देवी मेलेल्या मुलाच्या आईबापांस भेटावयास अलाहाबादेस जाते, तेव्हा कॅमेरा दाराबाहेरच थांबतो. आतला आक्रोश ऐकू येतो, दिसत नाही. दुसऱ्याचे दुःख पाहण्याचा आपला हक्क कोठे संपतो हे त्या उंबऱ्याने सांगितले. नंतर देवी नदीकाठी रडत बसली असता, ज्याचे स्वतःचे प्रेम चितेवर गेले आहे असा दीपक तिच्याजवळ येतो आणि पाण्याची बाटली पुढे करतो. तो तिचे नाव विचारीत नाही, कारण विचारीत नाही. कोदंडास जे साधले नाही ते या डोंबाच्या मुलाने साधले. शारदेची नदी एकशे सोळा वर्षांनी पुन्हा दिसली, आणि तीवर केवळ पाणी देण्यासाठी आलेला माणूस या वेळी होता.

दोष दाखवावयाचा तर असा की, अधिकाऱ्यास चित्रपटाने फारच एकरंगी केले आहे. भद्रेश्वर दीक्षिताची जी चूक तीच येथे. मरणाऱ्या मुलाच्या मनात त्या अधिकाऱ्याहून मोठी भीती उद्या हसणाऱ्या गल्लीची, नातलगांची आणि मित्रांची असणार; ती मंडळी पडद्यावर येतच नाहीत. वल्लरी येथे हवी होती.

या काशीत देह ठेवणे पुण्याचे मानले गेले. काशीकरवतीच्या कथा आपल्याकडेही आजीच्या तोंडून ऐकलेल्या असतात, आणि पुढील जन्मी सुख मिळावे म्हणून हा जन्म कापून टाकणाऱ्यांचे त्यात कौतुक असे. हे सारे ठाऊक असूनही संध्याकाळी शेवटच्या पायरीवर कोणी एकटे फार वेळ उभे राहिले, तर येथील नावाडी नाव जवळ आणतात आणि पलीकडे जावयाचे काय म्हणून विचारतात. गिऱ्हाईक मिळावे म्हणून विचारतात हे खरे. पण विचारतात.

या हिवाळ्यात मुन्शी घाटावर 'शारदा'चे वाचन पुन्हा व्हावयाचे आहे. या खेपेस पाचव्या अंकापासून आरंभ करावा असे ठरले आहे. शारदेचे काम काकूंनी मागून घेतले आहे. वल्लरीचे पद गाळावे असे कोणी सुचविले, तेव्हा काकूच नको म्हणाल्या. ते शेवटी, नदीच्या प्रवेशानंतर म्हणावयाचे आहे. कोदंडाचे वाचावयास अद्याप कोणी पुढे आलेले नाही.