कप्तान मिकी आणि बटाटे सोलणारा मिकी

नाटक-सिनेमावर बोलणाऱ्यांनी एकदम क्रूझवरच्या मिकी माऊसला का धरलं, असं विषय कळल्यापासून आम्हाला दोघा-तिघांनी विचारलं. उत्तर साधं आहे. मुखवटा घालून एक माणूस समोर येतो, समोरचा त्याला ओळखतो आणि दोघं मिळून थोडा वेळ एक खोटी गोष्ट खरी मानतात, याला आपण प्रयोग म्हणतो. तो गिरगावातल्या थिएटरात होतो की बहामाजवळच्या समुद्रात, हा फक्त पत्त्याचा फरक झाला. आणि अमेरिकेतल्या बऱ्याच मराठी घरांत मुलानं जवळून पाहिलेला, हात लावलेला पहिला नट हाच असतो. मग त्याची समीक्षा का नको? सिनेमाची करतो, नाटकाची करतो, आणि याला मात्र 'मुलांची मजा' म्हणून सोडून देतो.

डिस्नेचं पहिलं प्रवासी जहाज, 'डिस्ने मॅजिक', 1998 च्या जुलैमध्ये निघालं. 'वंडर' 1999 ला, 'ड्रीम' 2011 ला, 'फँटसी' 2012 ला, 'विश' 2022 ला. या जहाजांकडे नीट बघा. जवळपास काळा वाटणारा गडद निळा आणि पांढरा देह, लाल धुराडी, त्यावर मिकीच्या डोक्याचा आकार. जीवनरक्षक होड्या एरवी नारिंगी असतात, इथे त्या मिकीच्या बुटांसारख्या पिवळ्या आहेत. त्यासाठी अमेरिकी तटरक्षक दलाची खास परवानगी काढावी लागली होती. भोंगासुद्धा सिनेमातल्या गाण्याची सुरावट वाजवतो. म्हणजे मिकी जहाजावर येतो असं म्हणणंच अपुरं आहे. जहाजानंच मिकीचा पोशाख घातलेला आहे.

हे दुसऱ्यांना जमलं नाही. 2010 च्या सुमारास रॉयल कॅरिबियननं ड्रीमवर्क्सची पात्रं घेतली, श्रेक वगैरे. नॉर्वेजियननं निकलोडियनची घेतली. कार्निव्हलनं नंतर डॉक्टर स्यूसची मांजर न्याहारीला बसवली, हिरव्या अंड्यांसकट. चांगली होती ती पात्रं, पण जहाजावर ती पाहुणीच राहिली. भाड्यानं आणलेल्या बँडसारखी. करार संपला की बँड घरी. श्रेक बोटीवर का आहे, याला बोटीकडे उत्तर नव्हतं.

मिकीकडे मात्र उत्तर आहे, आणि आजचा आमचा सगळा मुद्दा त्या उत्तरापाशी आहे. 'स्टीमबोट विली' आठवा. नोव्हेंबर 1928. पहिल्याच दृश्यात मिकी बोटीचं सुकाणू फिरवतो आहे, शीळ घालतो आहे. सगळ्या जगाला एवढंच दृश्य माहीत असतं. पण पुढे काय होतं? खरा कप्तान येतो, पीट नावाचा दांडगा, आणि मिकीला तिथून हाकलून देतो. मिकी कप्तान नव्हताच! तो बोटीवरचा पोऱ्या होता आणि मालक नसताना सुकाणूशी खेळत होता. मग तो गाणं-बजावणं करतो, जनावरांना वाद्यांसारखं वाजवतो (आज ते बघताना जरा अंगावर येतं, पण असो), आणि शेवटी पीट त्याला बटाटे सोलायला बसवतो. चित्रपट संपतो तेव्हा आपला नायक स्वयंपाकघरात शिक्षा भोगत बसलेला आहे. खिडकीतला पोपट हसतो, तर मिकी त्याला बटाटा फेकून मारतो.

आता क्रूझवरचा मिकी बघा. पांढरा गणवेश, टोपी, कप्तान मिकी. 2019 पासून कप्तान मिनीही आहे. बटाट्याचा पत्ता नाही. आम्हाला हा बदल फार बोलका वाटतो. बढती मिळाली, याचं वाईट कशाला वाटावं? पण बढतीबरोबर त्याचा खट्याळपणा गेला. 1928 चा मिकी मोठ्यांच्या नजरेआड काहीतरी करणारा होता, म्हणून तो मुलांचा होता. कप्तान झालेला मिकी मोठ्यांच्या बाजूचा आहे. तो स्वागत करतो, हात हलवतो, वेळेवर येतो आणि वेळेवर जातो.

तरीही कलेचं श्रेय कलेला द्यायला हवं. पूर्ण मुखवट्यातला कलाकार बोलत नाही. डोळे हलत नाहीत, हसू कायमचं शिवलेलं. उरतं काय? मान, खांदे, हाताचे पंजे, पावलं. तेवढ्यावर त्यानं आश्चर्य दाखवायचं, लाजायचं, 'माझं नाक पकड' म्हणायचं. मुखवट्यातून नीट दिसत नाही, गरम होतं, आणि समोर तीन वर्षांचं मूल आहे जे पुढच्या क्षणाला काय करेल ते ब्रह्मदेवालाही ठाऊक नाही. आपल्याकडे जव्हार-मोखाड्याकडचा बोहाडा ज्यांनी पाहिला असेल त्यांना हे लगेच कळेल. तिथेही सोंग बोलत नाही, संबळाच्या तालावर चालतं, आणि सगळा भाव चालीतच असतो.

फ्लोरिडातल्या डिस्ने वर्ल्डमध्ये 2013 साली बोलणारा मिकी आणला होता. तोंड हलायचं, पापण्या मिटायच्या, तो मुलांशी गप्पा मारायचा. 2018 ला तो बंद झाला. कंपनीची कारणं कंपनीपाशी. समीक्षक म्हणून आम्हाला विचाराल तर मुका मिकी सरस आहे. मुका असला की मूल त्याची वाक्यं स्वतः रचतं. बोलका असला की मूल श्रोता होतं.

मग बिघडतं कुठे? रांगेत बिघडतं. आणि कॅमेऱ्यात.

पोर्ट कॅनव्हेरलहून निघालेल्या एका जहाजावर आम्ही जिन्याच्या कठड्याला टेकून बराच वेळ गूफीची रांग बघत उभे होतो. कोण कधी, कुठल्या मजल्यावर भेटणार हे फोनमधल्या ॲपवर लिहिलेलं असतं. राजकन्यांना एकत्र भेटायचं तर आधी वेळ राखून ठेवावी लागते. रांगेत एक मराठी कुटुंब होतं. आई-बाबा, पुण्याकडून आलेली आजी, चारेक वर्षांची मुलगी. मुलगी लांबून गूफीला बघून नाचत होती. पाळी आली आणि आजीच्या साडीच्या मागे गेली.

"अगं, हात दे ना त्याला. घाबरतेस काय एवढी!"

"आजी, तो खूप मोठ्ठा आहे."

"मोठा आहे, पण गुणी आहे. बघ, वाकला बघ तुझ्यासाठी."

गूफी खरंच वाकला होता. नुसता वाकला नाही, तर स्वतःच घाबरल्यासारखं करून हळूच तोंडावर हात घेतला. मुलीनं साडीआडून एक डोळा काढला. मंडळी, हा प्रयोग! एवढ्यासाठीच सगळा खटाटोप. अजून अर्धा मिनिट मिळालं असतं तर ती स्वतःहून बाहेर आली असती, असं आम्हाला तिथे उभं राहून वाटलं. पण बाबांनी तिला उचललं, गूफीच्या कुशीत दिलं, फोटोवाल्यानं तीनदा क्लिक केलं, आणि पुढचं कुटुंब.

फोटोत ती हसते आहे. ती हसली होतीही, क्षणभर, आजीनं टाळी वाजवली म्हणून. पण जे घडत होतं ते फोटोत नाही.

बाबांना दोष देणं सोपं आहे. पैसे मोजलेत, मागे पंचवीस माणसं उभी आहेत, घरचे फोटोची वाट बघताहेत. दोष मांडणीचा आहे. जहाजाचे छायाचित्रकार फोटो काढतात, ते फोटो विकत मिळतात, त्यामुळे भेटीचा शेवट फोटोनं व्हायलाच हवा अशी तिची बांधणी झाली आहे. सह्यांचंही तेच. काही घरं उशीचा अभ्रा किंवा फोटोभोवतीचा पुठ्ठा जहाजाच्या काउंटरवर देऊन ठेवायची आणि पात्रांच्या सह्या होऊन तो परत मिळायचा. म्हणजे भेट न होताच भेटीचा पुरावा! आम्हाला या अभ्र्यांचं हसूही येतं आणि ते जरा उदासही वाटतात.

महामारीनंतर क्रूझ सुरू झाल्या तेव्हा काही काळ पात्रं अंतर राखून भेटायची. मिठी नाही, सही नाही. लोक हळहळले. आमचं मत उलट आहे. त्या काळातल्या ज्या चित्रफिती आम्ही पाहिल्या, त्यांत मुलं आणि पात्रं एकमेकांना उत्तरं देताना दिसतात. मूल उडी मारतं, प्लूटो उडी मारतो. मूल गिरकी घेतं, प्लूटो घेतो. अंतर होतं म्हणून अभिनयाला जागा होती. पुढे मिठ्या परत आल्या आणि ती जागा पुन्हा आवळली गेली.

आता आतल्या माणसाबद्दल. बोहाड्यात कुठलं सोंग कुठल्या घराकडे, हे बहुतेक ठरलेलं असतं, मुखवट्याआड कोण आहे ते गावाला ठाऊक असतं, आणि तरी गाव हात जोडतं. कळल्यानं काही मोडत नाही. डिस्नेची पद्धत उलटी. आत कोणी नाहीच, असं मानायचं. कलाकारांनीसुद्धा 'मी मिकी करतो' म्हणायचं नाही, 'मी मिकीचा मित्र आहे' म्हणायचं. मुलांसाठी ही गंमत ठीक आहे. पण 'आत कोणी नाही' हे मोठ्यांनीही खरं मानलं की काय होतं? फ्लोरिडातल्या पोशाखी कलाकारांना पोशाखाखालचे आतले कपडेसुद्धा सामायिक दिले जायचे. आज याचे, उद्या त्याचे. त्वचेच्या तक्रारी झाल्या, आणि शेवटी 2001 साली संघटनेनं भांडून प्रत्येकाचे स्वतःचे कपडे मिळवले. हसू नका, हा समीक्षेचाच मुद्दा आहे. 2024 च्या मे महिन्यात कॅलिफोर्नियातल्या डिस्नेलँडमधल्या पात्र-कलाकारांनी 953 विरुद्ध 258 मतांनी नटांच्या संघटनेत जायचं ठरवलं. नटांच्या संघटनेत, हे लक्षात घ्या. आम्ही नट आहोत, असं त्यांना मत देऊन सांगावं लागलं.

ते मतदान जमिनीवरचं. डिस्नेची ही जहाजं फ्लोरिडातून सुटली तरी नोंदणीनं बहामाची आहेत, आणि त्यांवर कितीतरी देशांची माणसं राबतात. जगभरच्या क्रूझवर गोव्याची माणसं पिढ्यान्‌पिढ्या आहेत, त्यांना तिकडे तारवटी म्हणतात. महिनोन्‌महिने घर सोडून खानपान, खोल्या, स्वयंपाकघर सांभाळणारे. 1928 चा बटाटे सोलणारा पोऱ्या जहाजावरून नाहीसा झालेला नाही. तो खालच्या मजल्यावर आहे, फक्त त्याच्या अंगावर मिकीचा पोशाख नाही. 1 जानेवारी 2024 पासून 'स्टीमबोट विली'तला मिकी अमेरिकेत सार्वजनिक मालकीचा झाला आहे. ज्या कुणाला मुलांसाठी बोटीवरचं नाटक करायचं असेल, त्यानं गणवेश विसरावा आणि हा पोऱ्या उचलावा. मुलं त्याच्याशी आपणहून बोलतील.

शेवटच्या रात्री जहाजाच्या मधल्या चौकात सगळी पात्रं निरोपाला जमतात. तिथे रांग नसते, गर्दी असते, आणि आमच्या मते सबंध सफरीतला सगळ्यात मोकळा प्रयोग तोच. मुलं खांद्यावर बसून हात हलवतात, पात्रं हलवतात, कोण कुणाला हलवतंय ते कळत नाही. सकाळी जहाज बंदराला लागतं, न्याहारी होते, लोक उतरतात. दुपारी नवी माणसं चढतात, आणि कप्तान मिकी पुन्हा उभा असतो.