रिकामा हौद आणि आपली कविता

चाकाच्या फळीचा खेळ आणि कविता, यांचा संबंध काय, असं कोणी पुसेल. मी म्हणतो, आहे.

१९७६-७७ साली कॅलिफोर्नियात दुष्काळ पडला. बंगल्यांमागचे पोहण्याचे हौद कोरडे झाले. डॉगटाउन नावाच्या पडक्या वस्तीतली पोरं कुंपणं ओलांडून त्यात उतरली अन् गोल भिंतींवर फळी चालवू लागली. मैदान कोणी दिलं नव्हतं. पडायचं, उठायचं, दुसऱ्याचं पाहून शिकायचं. 'ऑली' ही उडी ॲलन गेलफंडच्या टोपणनावानं ओळखली जाते, पण ती मारायला त्याची परवानगी लागत नाही.

यावर भाळून मात्र जाऊ नका, दोस्तांनो. ती पोरं दुसऱ्याच्या कोरड्या हौदात उतरली. आपली माणसं १९२७ साली महाडला सार्वजनिक तळ्याचं पाणी प्याली, हक्काचं, तरी डोकी फुटली. त्यांची खोडी अन् आपला हक्क एका मापानं मोजता येत नाही. घ्यायची ती त्यांची शिकण्याची रीत.

फेब्रुवारी २०२३ मध्ये आमच्या वर्धेत दोन संमेलनं भरली: ९६वं अखिल भारतीय अन् १७वं विद्रोही. विद्रोहीची सुरुवात १९९९ साली धारावीत, बाबुराव बागुलांच्या अध्यक्षतेखाली. प्रस्थापितांच्या मांडवात जागा मागत बसायचं नाही, हा तो नकार. तो मला मोलाचा वाटतो. पण गावोगावच्या आपल्या कविसंमेलनांत काय दिसतं? तेच व्यासपीठ, तीच शाल, तोच नारळ. नवं पोरगं अडखळलं की मागून हसू. बाईची कविता रात्री, खुर्च्या रिकाम्या झाल्यावर. मांडव आपला, रीत त्यांचीच!

मध्य प्रदेशात पन्ना जिल्ह्यातल्या जनवार गावी २०१५ साली उलरिके राइनहार्ट या जर्मन बाईनं सिमेंटचं स्केटपार्क उभं केलं. नियम दोनच: शाळा नाही तर फळी नाही, अन् मुली आधी. तिथली आदिवासी मुलगी आशा गोंड २०१८ साली चीनमध्ये नानजिंगच्या जागतिक स्पर्धेत उतरली. जागा बाहेरच्या बाईनं दिली, हे खरं. पण आधी कोण, हे तिथं पहिल्या दिवशीच ठरलं होतं. आपण अजून ठरवलेलं नाही.

२०२१ मध्ये टोकियो ऑलिंपिकनं हा खेळही आत घेतला. आता त्याला परीक्षक आले, गुण आले. आपल्या कवितेलाही पुरस्कार मिळू लागलेत. मिळोत बाप्पा! पण पुढच्या कविसंमेलनात व्यासपीठ नको. जमिनीवर गोल बसा, बायांना आधी वाचू द्या, अन् अडखळणाऱ्या पोराला दुसऱ्यांदा वाचायला सांगा.