भांडण गाळून नाथ सांगू नयेत



नाथमहाराजांच्या भारुडांत ‘हिंदु-तुर्क संवाद’ आहे. कीर्तनात तो निघतो तेव्हा बहुधा शेवटच तेवढा सांगितला जातो: दोघांचे पटले, आलिंगन दिले, बोला पुंडलिक वरदे! उलट काही जण मधली दूषणे तेवढी वेचून टाळ्या घेतात. दोन्ही रीतींनी नाथांवर अन्याय होतो.

संवाद सबंध वाचावा. त्यात आधी कडाक्याचे भांडण आहे. तुर्क मूर्तिपूजेवर, ब्रह्मदेव व त्याच्या कन्येच्या कथेवर, आपल्या शिवाशिवीवर बोट ठेवतो. हिंदू विचारतो, देव सर्वत्र आहे तर पश्चिमेलाच तोंड का? पाच वेळा सोडून इतर वेळी तो कोठे जातो? जीव मारून पुण्य कसे? नाथांनी तुर्काच्या तोंडी लुळे प्रश्न घातलेले नाहीत. सोवळ्याओवळ्यावरचा त्याचा घाव तर वर्मी बसतो. श्राद्धाचे अन्न अंत्यजांना वाढणाऱ्या नाथांची कथा आपणच सांगतो ना?

नाथांचा काळ १५३३ ते १५९९. पैठण तेव्हा निजामशाहीत होते. गुरू जनार्दनस्वामी देवगिरीच्या किल्ल्यावर त्याच राज्याच्या चाकरीत. तुर्क नाथांना ऐकीव नव्हता, रोजच्या व्यवहारातला होता. म्हणून प्रश्न इतके नेमके आहेत.

एक उणे मात्र सांगितले पाहिजे. समेट होतो तो अद्वैताच्या भूमीवर, म्हणजे हिंदूच्या अंगणात. तुर्काला तेथवर यावे लागते, हिंदूला त्याच्या दारी तितके जावे लागत नाही. शिवाय तुर्काचे बोलणेही नाथांनीच लिहिलेले. यासाठी जोडीला श्रीगोंद्याच्या शेख महंमदांचा ‘योगसंग्राम’ वाचावा. मुसलमान घरात जन्मलेला संत मराठी ओवीतून स्वतः बोलतो, तेव्हा नाथांच्या संवादात न आलेली बाजू ऐकू येते.

तुकोबारायांची पालखी देहूतून निघाली की अनगडशाहबाबांच्या दर्ग्यापाशी थांबते, तेथे आरती होते. आपण हात जोडून पुढे निघतो. मतभेद मिटले म्हणून ती थांबत नाही, मतभेद असूनही थांबते. नाथांच्या संवादाचा अर्थ मला याहून वेगळा वाटत नाही. तेव्हा कीर्तनकार बंधूंनो, घ्याल तर तो सगळा घ्या. श्रोत्यांना भांडणही ऐकू द्या, म्हणजे आलिंगनाची किंमत कळेल.

रामकृष्णहरी.