निळीची किंमत, हाताची किंमत

"बापाचं चित्र काढायचे पैसे घेतोस का रे?"

हे वाक्य माझ्या तोंडचं आहे. कुण्या पुढाऱ्याचं नाही, कुण्या सावकाराचंही नाही. म्हणून ही टीका आधी माझ्यावर, मग तुमच्यावर.

आमच्या विहारात बाबासाहेबांचं तैलचित्र लावायचं ठरलं. सहा फूट बाय चार. वस्तीतलाच पोरगा, चित्रकला शिकून आलेला. त्याला बोलावलं. त्यानं हिशेब करून पस्तीस हजार सांगितले, अडीच महिने मागितले, निम्मे पैसे आधी मागितले. कमिटी गप्प. त्याच बैठकीत दहा मिनिटं आधी जयंतीच्या डीजेची सुपारी ठरली होती. तिथं कुणी घासाघीस केली नाही, बयाणा रोख गेला. चित्राची वेळ आली आणि सगळ्यांना एकदम काटकसर आठवली. कुणीतरी म्हणालं, फ्लेक्सवाला चौरस फुटावर देतो, संध्याकाळी हातात. मग मी ते वाक्य बोललो. पोरगा उठता उठता म्हणाला, "काका, बाप माझा पण आहे. म्हणून तर घाईत काढणार नाही."

दोस्तहो, नंतर मी त्याच्या खोलीवर जाऊन बसलो. किंमत कशाची, ते बघायला. लाकडी चौकट, तिच्यावर ताणलेलं कॅनव्हास, त्यावर अस्तराचे हात. एक हात वाळल्याशिवाय दुसरा देता येत नाही. तैलरंग पाण्यासारखा उडून सुकत नाही, दिवस घेतो. चेहऱ्यावर थरावर थर द्यायचे, आणि प्रत्येक थरामागे वाट बघणं. त्या वाट बघण्याच्या दिवसांतही खोलीचं भाडं चालूच असतं. रंगांच्या नळ्याही एका भावाच्या नसतात. गेरू, पिवळी माती स्वस्त. कॅडमियमचा लाल, कोबाल्टचा निळा त्यांच्या कितीतरी पट महाग. पण त्याच्या हिशेबात सामानाचा आकडा लहानच होता. मोठा आकडा दिवसांचा होता. आणि जे दिवस त्या कागदावर लिहिलेच नव्हते, ते शिकण्याचे. ती वर्षं त्याच्या आईनं धुणीभांडी करून काढली.

सामान आणि हात यांचं हे भांडण जुनं आहे. इटलीतल्या फ्लॉरेन्स शहरातला एक करारनामा आहे, १४८५ चा. अनाथ मुलांच्या आश्रमाच्या प्रमुखानं दोमेनिको गिर्लांदायो या चित्रकाराला देवळातलं चित्र सांगितलं. किंमत ११५ फ्लोरिन. मुदत तीस महिने. दरमहा तीन फ्लोरिन द्यायचे. चित्र त्यानं स्वतःच्या हातानं रंगवायचं. आणि निळा रंग औंसाला चार फ्लोरिन भावाचा वापरायचा, हलका नाही. तो निळा अफगाणिस्तानच्या डोंगरातल्या दगडापासून व्हायचा, म्हणून त्याचा भाव कागदावर लिहावा लागायचा. करार काही चित्रकाराच्या बाजूचा नव्हता. चित्र तेवढ्या मोलाचं वाटलं नाही तर पैसे कापायचा हक्क करार लिहिणाऱ्या धर्मबंधूकडे ठेवला होता. तरी महिन्याला तीन फ्लोरिन ठरले होते. काम पुरं होईपर्यंत चित्रकारानं खायचं काय, हा प्रश्न त्या धर्मगुरूला पडला. आमच्या कमिटीला पडला नाही.

पुढं १८२० च्या दशकात तो निळा कारखान्यात करता येऊ लागला आणि मातीमोल झाला. आपल्या आया पांढऱ्या लुगड्याला जी नीळ द्यायच्या, भिंतीवर 'जय भीम' लिहायला आपण जी चुन्यात कालवली, ती त्याच जातीची. म्हणजे बाबासाहेबांचा निळा कोट आज स्वस्तात रंगतो. चेहरा नाही रंगत. चेहऱ्याला कारखाना निघालेला नाही.

निघालाय म्हणा, एका अर्थी. साच्यातले पुतळे बघा. गावोगाव तोच चष्मा, तेच वर केलेलं बोट, तेच फुगलेले गाल. बाबासाहेबांच्या चेहऱ्यावरचा थकवा, तो जागरणाचा, पुस्तकांचा, मधुमेहाचा थकवा कुठं गेला? साच्यात मावला नाही. ज्यांनी मार खाऊन, केसेस अंगावर घेऊन ते पुतळे उभे केले, त्यांच्यापुढं मी मान झुकवतो. पण पुतळा फुटावर विकत घ्यायची सवय आपण लावून घेतली, हे बोललं पाहिजे. चार फुटीचा भाव ऐकून आठ फुटीला दुप्पट पैसे घेऊन जाणारे कार्यकर्ते मी पाहिलेत. उंची दुप्पट झाली की अंगाचं क्षेत्र चौपट होतं, म्हणजे धातूचा पत्रा जाडीला तेवढाच ठेवला तरी ब्राँझ चौपट. शिवाय आधी माती, मग प्लास्टरचा साचा, मग मेण, मग भट्टी, मग जोडकाम, घासकाम. मातीचा पुतळा, ज्यात शिल्पकाराचं खरं डोकं असतं, तो साचा काढताना मोडून जातो. बिलात दिसतो तो धातू.

संसदेच्या आवारातला बाबासाहेबांचा ब्राँझचा पुतळा १९६७ च्या एप्रिलमध्ये उभा राहिला. शिल्पकार बी. व्ही. वाघ. किती जणांना हे नाव माहीत होतं? हात वर करा. मी पण केला नसता.

आता मूळ दुखणं. 'समाजाचं काम' म्हटलं की मोबदला विचारायचा नाही, ही रीत कुठली? बलुत्याची. गावचं काम म्हणून महारानं बारा महिने, रात्री-बेरात्री राबायचं; कर्ता नसला तर घरातल्या दुसऱ्यानं जायचं; आणि खळ्यावर उरेल ते, दाराशी मिळेल ते उचलायचं. कामाचा आणि दामाचा काही मेळच नव्हता. बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात महार वतनावर बिल आणलं ते याच गोष्टीवर बोट ठेवून. बिल तेव्हा पुढं सरकलं नाही. वतनं कायद्यानं जायला १९५८ चा कायदा यावा लागला. वतन गेलं. वतनदाराची जीभ मात्र माझ्या तोंडात शिल्लक होती, ती त्या बैठकीत बोलली. पाटलानं बापजाद्यांना 'गावचं काम आहे' म्हणावं आणि मी पोराला 'बापाचं काम आहे' म्हणावं. फरक शोधून द्या, मी मागे घेतो.

सगळ्याच कलावंतांची वकिली मी करत नाही. एकच फोटो छापून, वरून ब्रश फिरवून दहा विहारांना 'अस्सल तैलचित्र' विकणारे आपल्यातही आहेत. त्यांना हिशेब विचारा, जरूर विचारा. पण हिशेब विचारणं वेगळं आणि फुकट मागणं वेगळं. हे आमच्या मासिकालाही लागू. मुखपृष्ठाचं रेखाटन आम्ही चहावर काढून घेतो आणि आत शोषणावर लेख छापतो.

फ्लेक्स दोन पावसाळ्यांत उडाला. बाबासाहेबांचा चेहरा आधी पिवळा, मग पांढरा पडला. यंदा वर्गणी काढली आणि मी पोराकडे गेलो. भाव आता बेचाळीस हजार झाला होता, रंग महागलेत. निम्मे मोजून दिले. त्यानं वहीचं पान फाडलं आणि लिहून दिलं: किती बाय किती, कोणता फोटो, किती महिने, उरलेले पैसे कधी. खाली त्यानं सही केली आणि पेन माझ्याकडे सरकवलं.