पिंप बोलते की द्राक्ष?

दिवाळी अंकात चकली-कडबोळ्यांच्या शेजारी फ्रान्सच्या वाइनची चर्चा पाहून एखाद्या आजीबाईंच्या भुवया वर जातील. त्यांना आधीच सांगतो, हे पिण्याचे निमंत्रण नव्हे. पुस्तकाचे परीक्षण वाचणारा प्रत्येकजण ते पुस्तक विकत घेतो थोडाच! प्रश्न आस्वादाचा आहे, आणि तो बेसनाच्या लाडवालाही तितकाच लागू आहे: संस्काराने मूळ वस्तू खुलते केव्हा आणि झाकली जाते केव्हा?

परीक्षणाला घेतलेली वस्तू म्हणजे बर्गंडी प्रांतातील मर्सो गावची, 2012 सालच्या शार्दोने द्राक्षांची पांढरी वाइन. आधी ओकच्या पिंपात आणि मग बाटलीत अशी ती बारा वर्षांहून अधिक काळ मुरलेली. परदेशी राहणाऱ्या भाच्याने ती आणली.

शार्दोने हे जात्या मितभाषी द्राक्ष. 1999 साली शास्त्रज्ञांनी त्याची वंशावळ उलगडली, तेव्हा एका बाजूला प्रतिष्ठित पिनो आणि दुसऱ्या बाजूला ‘ग्वे ब्लां’ हा हलका म्हणून हिणवलेला वेल निघाला. कुळाचा अभिमान मिरवणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे! या द्राक्षाला स्वतःचा उग्र गंध नाही. म्हणून ते जमिनीचे ऐकते, हवेचे ऐकते आणि पिंपाचे तर फारच ऐकते.

बर्गंडीचे नेहमीचे पिंप 228 लिटरचे. फळ्या वाकवताना आत विस्तव ठेवतात, त्यामुळे लाकूड आतून भाजून निघते. त्यातून व्हॅनिलाचा, ओल्या खोबऱ्याचा, भाजक्या पावाचा वास येतो. शिवाय सफरचंदात असते तसले तीव्र आम्ल जिवाणूंच्या करणीने दह्यातल्यासारखे सौम्य होते. लोण्याचा भास होतो तो याच क्रियेतून. बेसन भाजणाऱ्या गृहिणीला यात नवे काही नाही. खमंग आणि करपट यांमध्ये अंतर दोन मिनिटांचे असते.

आता प्रत्यक्ष आस्वाद. रंग जुन्या सोन्याचा. थंडगार असताना पहिल्या घोटात निव्वळ पिंप बोलले: व्हॅनिला, खोबरे, धूर. प्रस्तावनाच इतकी लांबली, की कथा सुरू होते की नाही अशी धास्ती वाटली. अर्ध्या तासाने पेल्याची थंडी उतरली आणि द्राक्षाला कंठ फुटला. भाजलेला काजू, कढवलेले तूप, मध आणि या सगळ्या स्निग्धतेखाली लिंबाच्या सालीसारखी ताठ आंबट रेघ. ती रेघ नसती तर सारे तुपकट झाले असते. घोट गिळल्यावरही चव बराच वेळ रेंगाळली. पण अगदी शेवटी लाकडाचा किंचित तुरटपणा जिभेवर उरला, आणि तो तासाभरानेही गेला नाही.

केवळ वय हा गुण नव्हे, हेही सांगितले पाहिजे. 1990 च्या दशकाच्या मध्यापासूनच्या बर्गंडीच्या कित्येक नामांकित पांढऱ्या वाइन अकाली तपकिरी पडल्या. त्यांना कापून ठेवलेल्या सफरचंदाची कळा आली. मुरणे वेगळे आणि शिळे होणे वेगळे. आमच्या वाङ्मयातही काही ग्रंथ मुरतात, काही नुसतेच जुने होतात.

आणि नावाचे दडपण? 24 मे 1976 रोजी पॅरिसमध्ये बाटल्यांची नावे झाकून परीक्षा झाली. पांढऱ्या वाइनमध्ये फ्रेंच परीक्षकांनी पहिला क्रमांक दिला तो कॅलिफोर्नियाच्या शातो मॉन्टेलेनाच्या 1973 च्या शार्दोनेला! मर्सोची एक वाइन दुसरी आली. पट्टी झाकली म्हणजे जीभ खरे बोलते. समीक्षकांनी लेखकाचे नाव झाकून वाचायचे ठरवले, तर मराठीतले पुष्कळ मानसन्मान इकडचे तिकडे होतील.

शाळामास्तराच्या सवयीने गुण द्यायचे, तर या बाटलीला पहिला वर्ग देतो. पारितोषिक मात्र राखून ठेवतो. बारा वर्षांनंतरही द्राक्षाआधी पिंपच बोलायला उठते, ही उणीव लहान नव्हे. भाजणी बेसनासाठी असते, बेसन भाजणीसाठी नसते. कारागिरी जिथे वस्तूला वाट करून देऊन मागे सरते, तिथे रस निर्माण होतो. लाडू वळणाऱ्या हातांना हे ठाऊक आहे. ते लिहिणाऱ्या हातांनी त्यांच्याकडून शिकावे.