असिंक आणि अवेट : शब्द तेच, करार वेगळे

असिंक्रोनस प्रोग्रामिंगची ओळख अनेकदा एका वाक्यात उरकली जाते : ‘असिंक’ लिहिले की काम पार्श्वभूमीत सुरू होते आणि ‘अवेट’ लिहिले की आपण त्याची वाट पाहतो. हे वाक्य पाठ करायला सोपे आहे, पण सर्व भाषांना ते लागू पडत नाही. सी-शार्पमध्ये हे दोन शब्द २०१२ साली आले. पुढे पायथन ३.५ (२०१५), जावास्क्रिप्टचे २०१७ चे मानक आणि रस्ट १.३९ (२०१९) यांनी ते घेतले. शब्द घेताना त्यांचा अर्थ मात्र प्रत्येकाने आपल्या सोयीने ठरवला.

एक छोटे उदाहरण घ्या. एका असिंक फंक्शनला नेटवर्कवरून उत्तर मिळवायला २ सेकंद लागतात. तुम्ही ते फंक्शन दोनदा कॉल करून परत आलेली मूल्ये ‘अ’ आणि ‘ब’ या चलांत ठेवता. मग आधी ‘अ’साठी व नंतर ‘ब’साठी अवेट करता. एकूण वेळ किती लागेल?

जावास्क्रिप्ट आणि सी-शार्पमध्ये सुमारे २ सेकंद, कारण कॉल करताक्षणीच फंक्शन धावू लागते आणि पहिल्या खऱ्या थांब्यापर्यंत जाते. दोन्ही कामांची प्रतीक्षा एकाच वेळी चालते. पायथन आणि रस्टमध्ये मात्र सुमारे ४ सेकंद लागतात. तेथे कॉल केल्यावर हाती येते ती फक्त न सुरू झालेल्या कामाची वस्तू : पायथनमध्ये को-रुटीन, रस्टमध्ये फ्यूचर. अवेट करेपर्यंत आतली एकही ओळ चालत नाही. दोन्ही कामे एकत्र चालवायची तर पायथनमध्ये टास्क तयार करावा लागतो, रस्टमध्ये फ्यूचर एकत्र जोडावी लागतात.

हा फरक केवळ वेगाचा नाही. समजा, पावतीचा ईमेल पाठवणाऱ्या फंक्शनपुढे तुम्ही अवेट लिहायला विसरलात. जावास्क्रिप्टमध्ये ईमेल बहुधा जाईल, पण तो अयशस्वी झाला तर ती त्रुटी तुमच्या ट्राय-कॅचमध्ये सापडणार नाही. नोड १५ पासून अशी न हाताळलेली त्रुटी संपूर्ण प्रोसेसच बंद पाडते. पायथनमध्ये ईमेल जाणारच नाही, फक्त एक सूचना छापली जाईल. चूक एकच, परिणाम उलटे.

मग कोणाची रचना चांगली? रस्टचा आळशीपणा हेतुपूर्ण आहे : फ्यूचर टाकून दिले की काम रद्द होते, आणि ते चालवणारा एक्झिक्युटर मानक लायब्ररीत नसून तुम्ही निवडायचा असतो. पायथनची बाजू त्यामानाने कमकुवत वाटते. नवशिक्यांची भाषा म्हणवणाऱ्या भाषेत साधा दिसणारा कॉल काहीच करत नाही, हे खटकते.

गो भाषेने हा शब्दच टाळला. तेथे कॉलपुढे ‘गो’ लिहिले की गो-रुटीन सुरू होते, फंक्शनची वेगळी जात करावी लागत नाही. जावा २१ (२०२३) मधील व्हर्च्युअल थ्रेडही याच वाटेचे. ही सोय मोहक आहे, पण फुकट नाही. एकाच थ्रेडवरील इव्हेंट लूपमध्ये तुमचे काम फक्त अवेटपाशी दुसऱ्याला जागा देते, म्हणून धोक्याच्या जागा डोळ्यांना दिसतात. गोमध्ये सामायिक डेटा कधीही, दुसऱ्या कोअरवरूनही बदलू शकतो. तेथे लॉक किंवा चॅनेल वापरण्याची जबाबदारी तुमची.

म्हणून नवी भाषा शिकताना व्याख्येवर विसंबू नका. तीन प्रश्न विचारा : काम नेमके केव्हा सुरू होते? ते कोठे थांबू शकते? त्यातली त्रुटी कोणाच्या हाती पडते?

स्वाध्याय : वरील उदाहरण तुम्हाला येणाऱ्या दोन भाषांत लिहा. चालवण्यापूर्वी लागणारा वेळ वहीत नोंदवा, मग प्रत्यक्ष मोजा.